वाद्यावरचे नाव कोणाच्या मालकीचे?

झांजा घडवणाऱ्या घराण्यात जन्मलेले, वडिलांच्या हाताखाली तोच धंदा शिकलेले आणि भावाशी झालेल्या वाटणीत स्वतंत्र कारखाना पदरात पडलेले रॉबर्ट झिल्जियन यांना १९८१ नंतर एक गोष्ट मात्र करता येणार नव्हती, ती म्हणजे आपल्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या झांजेवर आपलेच आडनाव उमटवणे. वडील अवेडिस १९७९ मध्ये वारले आणि थोरले बंधू आर्मंड यांच्याशी रॉबर्ट यांचे पटेना. वाद न्यायालयात गेला आणि अखेर झालेल्या तडजोडीत रॉबर्ट यांना कॅनडातील मेडक्टिक येथला कारखाना मिळाला, तर 'झिल्जियन' हे नाव अमेरिकेतील मूळ कंपनीकडे राहिले. रॉबर्ट यांनी सॅली, बिली आणि अँडी या आपल्या मुलांच्या नावांची सुरुवातीची अक्षरे जुळवून 'सेबियन' असे नवे नाव तयार केले. ते नाव आज जगभरातल्या ड्रमवादकांच्या तोंडी आहे, हा भाग वेगळा. पण आडनाव जन्माने मिळालेले असूनही ते धंद्यात वापरायची बंदी असू शकते, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटकन पचत नाही.

मला ते पचते, आणि का पचते हे सांगण्यासाठीच हा लेख लिहितो आहे. जुन्या वाद्यांच्या नावांवरून झालेले तंटे मी बरीच वर्षे आवडीने वाचत आलो आहे. त्यांत कुटुंब, कारागीर, भांडवलदार आणि वादक या सगळ्यांना नाव आपलेच आहे असे मनापासून वाटत असते, आणि बहुतेक वेळा त्या वाटण्यात थोडेफार तथ्यही असते. कायदा मात्र यांपैकी कोणाच्याही भावनेत फारसा शिरत नाही.

व्यापारचिन्हाच्या कायद्याचे मूळ काम मर्यादित आहे. एखाद्या नावावर भरवसा ठेवून ग्राहकाने पैसे मोजले, तर त्या नावामागे तो समजतो तोच उगम त्याला मिळावा आणि दुसऱ्या कोणी मिळतेजुळते नाव लावून त्याची दिशाभूल करू नये, एवढेच ते काम. पेटंटशी तुलना केली की नावाची ताकद लक्षात येते. हेन्री स्टाइनवे धाकटे यांनी १८५९ मध्ये ग्रँड पियानोतील मंद्र स्वरांच्या तारा इतर तारांवरून तिरक्या ओढण्याच्या रचनेचे अमेरिकी पेटंट घेतले. त्यामुळे लाकडी पेटीच्या मर्यादित लांबीत अधिक लांब तारा बसू लागल्या आणि खर्जाला भरीवपणा आला. ते पेटंट केव्हाच संपले असून आज जवळपास प्रत्येक ग्रँड पियानो त्याच रचनेचा असतो. म्हणजे स्टाइनवे घराण्याने लावलेला एक फार मोठा शोध सर्वांचा झाला, पण 'स्टाइनवे' ही अक्षरे अजूनही एकाच कंपनीची आहेत. चिन्हाची नोंदणी दर दहा वर्षांनी नूतनीकरण करून, आणि चिन्ह प्रत्यक्ष वापरात ठेवून, कितीही काळ टिकवता येते. वाद्यनिर्मितीत जे शिकवता येते, मोजता येते आणि उलगडून पाहता येते ते हळूहळू सर्वांच्या हाती जाते. एकट्याच्या हाती उरते ते नाव. म्हणूनच या धंद्यात नावावरून इतकी कडू भांडणे होतात.

यांतले सर्वांत बोधप्रद भांडण स्टाइनवे आणि ग्रोट्रियान यांच्यातले आहे, आणि त्याचा उगम समजण्यासाठी जर्मनीत जावे लागते. हाइनरिश एंगेलहार्ड श्टाइनवेग हे हार्ट्स डोंगररांगांजवळच्या झेझेन या गावी पियानो बनवत असत. १८५० मध्ये ते बहुतेक कुटुंबासह न्यूयॉर्कला गेले आणि १८५३ मध्ये तिथे 'स्टाइनवे अँड सन्स' ही पेढी उभी राहिली. थिओडोर हा मुलगा मात्र मायदेशीच राहिला. त्याने जर्मनीतला व्यवसाय चालू ठेवला आणि कालांतराने तो ब्राउनश्वाइग शहरात नेला. १८६५ मध्ये न्यूयॉर्कमधील दोन भाऊ, ज्यांत वर उल्लेखलेले हेन्रीही होते, एकाच वर्षी वारले. त्यामुळे थिओडोरला अमेरिकेला जाणे भाग पडले, आणि जाण्यापूर्वी त्याने जर्मनीतला कारखाना विल्हेल्म ग्रोट्रियान आणि त्यांच्या दोन भागीदारांना विकून टाकला. ही नवी पेढी स्वतःला 'थि. श्टाइनवेग यांचे उत्तराधिकारी' असे म्हणवू लागली, आणि तसे म्हणण्यात खोटे काहीच नव्हते. कारखाना तोच होता आणि त्यासाठी मोजलेले पैसे घेणारा माणूसही अस्सल श्टाइनवेगच होता.

पुढे पहिले महायुद्ध संपल्यावर, १९१९ मध्ये, ग्रोट्रियान कुटुंबाने आपले आडनावच कायदेशीररीत्या बदलून 'ग्रोट्रियान-श्टाइनवेग' असे करून घेतले. विकत घेतलेल्या कारखान्याचे नाव रीतसर आपल्या आडनावाला जोडून घ्यायचे, ही युक्ती नावांच्या इतिहासात क्वचितच पाहायला मिळते, आणि खरे सांगायचे तर मला तिचे थोडे कौतुकही वाटते. रॉबर्ट झिल्जियन यांच्याकडे आडनाव होते पण चिन्ह नव्हते. ग्रोट्रियान यांच्याकडे चिन्ह होते आणि त्यांनी आडनाव मिळवले.

अमेरिकेत हे पियानो विकायला आणल्यावर स्टाइनवे कंपनीने हरकत घेतली, यात नवल नाही. विशेष म्हणजे खटला दाखल केला तो ग्रोट्रियान पक्षाने. आपल्या नावामुळे कोणाच्या हक्काचा भंग होत नाही असे न्यायालयाने जाहीर करावे, अशी त्यांची मागणी होती. स्टाइनवेने प्रतिदावा केला. न्यूयॉर्कच्या जिल्हा न्यायालयाने १९७३ मध्ये स्टाइनवेच्या बाजूने कौल दिला आणि १९७५ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो कायम केला. खटल्यात सादर झालेल्या पाहणीनुसार विचारणा केलेल्यांपैकी ७.७ टक्के लोकांना दोन कंपन्यांत काहीतरी व्यावसायिक संबंध असावा असे वाटले, आणि ८.५ टक्के लोकांची नावांमध्येच गफलत झाली. हे आकडे पाहून कोणी म्हणेल की ऐंशी टक्क्यांहून अधिक लोकांना तर फरक कळतच होता. पण न्यायालयाला एवढा गोंधळ पुरेसा वाटला.

ग्रोट्रियान पक्षाचा मुख्य युक्तिवाद वरकरणी भक्कम होता. ग्रँड पियानो कोणी येता-जाता घेत नाही. घेणारा माणूस महिनोन्‌महिने विचार करतो, जाणकाराला सोबत नेतो, वाद्य वाजवून पाहतो, आणि स्वरपट्ट्यांवरचे झाकण उघडल्यावर त्यावरची सोनेरी अक्षरे त्याच्या नजरेसमोरच असतात. अशा ग्राहकाला आपण स्टाइनवे घेतला असे वाटून त्याने चुकून ग्रोट्रियान-श्टाइनवेग घरी नेला, हे संभवत नाही. न्यायालयाने हे मान्य केले आणि तरीही म्हटले की प्रश्न खरेदीच्या क्षणाचा नाही. ग्राहक मुळात त्या वाद्याकडे वळला, ते वाजवून पाहायला बसला, तो या नावाचा स्टाइनवेशी काही संबंध असेल असे वाटून. पुढे त्याचा गैरसमज दूर झाला तरी दुसऱ्याच्या लौकिकाच्या जोरावर दार उघडले गेले, ते गेलेच. सुरुवातीच्या कुतूहलापुरत्या गोंधळालाही कायद्याने हरकत घ्यावी, हे तत्त्व पुढे इतके फोफावले की पियानोशी सुतराम संबंध नसलेल्या, इंटरनेटवरील शोधशब्दांच्या खटल्यांतही ते वकिलांनी वापरले. तिथे ते फार ताणले गेले असे माझे मत आहे, पण तो वेगळा विषय आहे.

या निकालावर घेतला जाणारा नैतिक आक्षेप मला अधिक महत्त्वाचा वाटतो. श्टाइनवेग घराण्यातल्या माणसाने स्वतः कारखाना विकला, पैसे घेतले, आणि न्यूयॉर्कला जाऊन ज्या पेढीत तो सामील झाला त्याच पेढीने शतकानंतर खरेदीदारांच्या वारसांना ते नाव वापरण्यापासून रोखले. हा विश्वासघात नाही का? मला तसे वाटत नाही, कारण व्यापारचिन्हाचा हक्क देशाच्या सीमेत बांधलेला असतो. थिओडोरने जे विकले ते जर्मनीतले नाव होते, आणि जर्मनीत ते नाव आजही ग्रोट्रियान पेढीकडेच आहे. अमेरिकेतला लौकिक त्याच्या वडिलांनी आणि भावांनी तिथे घाम गाळून मिळवला होता. तो विकायचा अधिकार थिओडोरला नव्हता आणि तो त्याने विकलाही नाही. एकाच मुळाच्या दोन नावांनी दोन खंडांत दोन वेगवेगळी माणसे ओळखली जावीत, यात विसंगती वाटली तरी अन्याय नाही. अमेरिकेत हे पियानो नुसत्या 'ग्रोट्रियान' या नावाने विकले जातात, आणि वाद्य म्हणून त्यांची प्रतिष्ठा त्यामुळे उणावली असे कोणी जाणकार म्हणणार नाही.

मात्र स्टाइनवे कंपनीने राखलेले हे नाव पुढे कोणाकडे गेले, हेही पाहायला हवे. १९७२ मध्ये कुटुंबाने कंपनी सीबीएस या प्रसारण क्षेत्रातील बलाढ्य कंपनीला विकली. १९८५ मध्ये ती खाजगी गुंतवणूकदारांकडे गेली, १९९५ मध्ये सेल्मर या बँडवाद्यांच्या कंपनीशी तिची सांगड घातली गेली, आणि २०१३ मध्ये पॉलसन या गुंतवणूक-निधीने (हेज फंडाने) तिच्यासाठी सुमारे ५१२ दशलक्ष डॉलर मोजले. म्हणजे श्टाइनवेग घराण्याशी रक्ताचे नाते नसल्याबद्दल ग्रोट्रियान यांना नावे ठेवायची, तर आज स्टाइनवेच्या मालकांचेही ते नाते नाही. फरक एवढाच, की न्यूयॉर्क आणि हॅम्बुर्ग येथील कारखान्यांत काम अखंड चालू राहिले. मालक बदलले तरी कामाचा ठिकाणा, साचे, लाकूड वाळवण्याच्या रीती आणि एकमेकांच्या हाताखाली शिकलेल्या कारागिरांची साखळी तुटली नाही. माझ्या लेखी नावावरचा खरा हक्क या साखळीतून येतो. कायदा ती साखळी तपासत नाही. बहुतेक वेळा नाव आणि साखळी एकत्र राहतात म्हणून त्याचे निभावून जाते, इतकेच.

ती वेगळी झाली की काय होते, हे झिल्जियन नावाच्या दुसऱ्या शाखेत दिसते. कंपनी आपला आरंभ १६२३ सालचा, कॉन्स्टँटिनोपलमधला सांगते. विसाव्या शतकात या नावाच्या दोन शाखा झाल्या. अमेरिकेत स्थायिक होऊन मिठाईचा धंदा करणाऱ्या अवेडिस यांनी, म्हणजे रॉबर्ट यांच्या वडिलांनी, काका अराम यांच्या मदतीने १९२९ मध्ये बोस्टनजवळच्या क्विन्सी येथे झांजांचा कारखाना सुरू केला. आणि इस्तंबुलमधला जुना कारखाना, केरोपे या पूर्वजाच्या आद्याक्षरावरून, 'के. झिल्जियन' या नावाने चालू राहिला. त्या इस्तंबुली झांजा अमेरिकेत ग्रेच ही कंपनी विकत असे. चार दशके एकाच बाजारात एकाच आडनावाच्या झांजा दोन उगमांतून येत होत्या आणि त्यांच्यातला फरक अवेडिसचा 'ए' आणि केरोपेचा 'के' एवढ्या एका अक्षराचा होता. तरीही ड्रमवादकांना तो फरक डोळे मिटून कळत असे. 'के'चा आवाज गडद आणि खरखरीत, 'ए'चा उजळ आणि लखलखीत. टोनी विल्यम्स आणि एल्विन जोन्स यांच्यासारखे जॅझ वादक 'के'चे भोक्ते होते.

या जुन्या झांजा हातात घेऊन पाहण्यासारख्या असतात. नाव त्यांवर रंगवलेले नसून धातूत ठोकलेले असते. वर अरबी लिपीतली अक्षरे, खाली रोमन लिपीत कंपनीचे नाव, त्याखाली शहर. जुन्या ठशात 'कॉन्स्टँटिनोपल' असते, नंतरच्या ठशात 'इस्तंबुल'. ठशाचा आकार, अक्षरांची ठेवण आणि तो किती खोल उमटला आहे यावरून संग्राहक झांजेचा काळ ठरवतात, कारण कारखान्याने क्रमांक घालायची तसदी घेतलेली नाही. अमेरिकी शाखेचा ठसा तर आणखी मासलेवाईक आहे. त्यात 'अस्सल तुर्की झांजा' असे ठणकावून सांगितल्यावर लगेच खाली 'अमेरिकेत बनवलेल्या' असेही लिहिलेले असते. मी या ओळींना हसत आलो असलो तरी त्यांचा प्रामाणिकपणा मला आवडतो. घडवण्याची पद्धत तुर्की, जागा अमेरिकी. दोन्ही गोष्टी खऱ्या आणि दोन्ही धातूत ठोकलेल्या.

१९६८ मध्ये अमेरिकी कंपनीने 'के' हे चिन्ह ग्रेचकडून विकत घेतले आणि पुढच्या दशकात इस्तंबुलमधला कारखाना बंद झाला. नाव आता क्विन्सीच्या कंपनीचे होते, पण त्या झांजा हातोडीने ठोकणारे हात इस्तंबुलमध्येच राहिले. लहानपणापासून त्या कारखान्यात वाढलेले अगोप तोमुर्जुक आणि मेहमेत तामदेअर यांनी १९८०च्या सुमारास स्वतःच्या झांजा बनवायला सुरुवात केली. 'के. झिल्जियन' हे नाव त्यांना वापरता येणे शक्य नव्हते, म्हणून शेवटी त्यांनी शहराचेच नाव घेतले. १९९६ मध्ये अगोप वारल्यानंतर पेढीच्याही दोन वाटण्या झाल्या, आणि आज 'इस्तंबुल अगोप' व 'इस्तंबुल मेहमेत' अशा दोन कंपन्या आहेत. आता विचारा की 'के. झिल्जियन'चा वारस कोण. कागदावर उत्तर सरळ आहे. पण जुन्या 'के'चा आवाज हवा असलेला वादक बाजारात गेला, तर तो अमेरिकेत बनलेली आजची 'के' वाजवून पाहतो, या दोन्ही इस्तंबुली झांजा वाजवून पाहतो आणि मग कानाने ठरवतो. चिन्हाने त्याला फसवले नाही, हे खरे. पण चिन्हाने त्याला सगळे सांगितलेही नाही.

विद्युत वाद्यांच्या जगात हाच खेळ अधिक वेगाने झाला, कारण तिथे कंपन्या एका माणसाच्या हयातीतच उभ्या राहून कोसळल्या. लिओ फेंडर यांनी १९६५ मध्ये आपली कंपनी १३ दशलक्ष डॉलरला सीबीएसला विकली आणि त्यानंतरची आपली गिटारे त्यांना इतर नावांनी विकावी लागली. विकले म्हणजे विकले. त्याबद्दल हळहळण्यात अर्थ नाही. सिंथेसायझर, म्हणजे विजेवर ध्वनी निर्माण करणारी वाद्ये, बनवणारे रॉबर्ट मोग यांनी आपल्या नावाची कंपनी हातातून गेल्यावर 'बिग ब्रायर' या नावाने काम चालू ठेवले आणि २००२ मध्ये अमेरिकेत आपले नाव परत मिळवले. ब्रिटनमध्ये ते चिन्ह तेव्हा दुसऱ्याकडे होते. या सगळ्यांत हॅरल्ड ऱ्होड्स यांची गोष्ट मला सर्वांत अधिक चटका लावते. त्यांच्या विद्युत पियानोत प्रत्यक्ष हातोडी धातूच्या सळईवर आघात करते आणि तो कंप विजेच्या मदतीने ऐकू येतो. १९८७ मध्ये रोलंड कंपनीने नाव विकत घेतले आणि त्याखाली संपूर्ण डिजिटल वाद्ये काढली, ज्यांत ना हातोडी होती ना सळई. ऱ्होड्स यांना ती अजिबात मान्य नव्हती. रोलंडने कायद्याचा भंग केला नव्हता आणि ती वाद्ये टाकाऊही नव्हती, पण ज्या आघातावरून नावाला अर्थ आला तो आघातच वाद्यात उरला नव्हता. १९९७ मध्ये नाव त्यांना परत मिळाले. तेव्हा ते ऐंशीच्या पुढे होते, आणि २००० साली ते वारले.

उदार अपवादही आहेत. डेव्ह स्मिथ यांची 'सिक्वेन्शियल सर्किट्स' ही सिंथेसायझर कंपनी १९८७ मध्ये यामाहाने घेतली होती. २०१५ मध्ये यामाहाने 'सिक्वेन्शियल' हे नाव त्यांना परत दिले, आणि त्यासाठी रदबदली केली ती रोलंडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी. गिब्सन या गिटार-कंपनीनेही सिंथेसायझर बनवणारे टॉम ओबरहाइम यांना त्यांचे नाव २०१९ मध्ये परत केले. कोणत्याही न्यायालयाने या कंपन्यांवर सक्ती केली नव्हती. नाव वापरात नसेल तर ते जपून ठेवण्यात फायदा नसतो हे खरे, पण फायदा नसलेली वस्तू परत द्यायलाही कंपन्या सहसा तयार होत नाहीत.

आता ज्या प्रकाराबद्दल माझी खरी तक्रार आहे, तिकडे येतो. अमेरिकी कायद्याचे एक चांगले तत्त्व असे आहे की चिन्ह विकताना त्यामागचा लौकिकही सोबत गेला पाहिजे. नुसती अक्षरे उचलून देण्याचा व्यवहार टिकत नाही. पण तीन वर्षे सलग वापर नसला तर चिन्ह सोडून दिले असे तिथे गृहीत धरले जाते, आणि युरोपीय संघात पाच वर्षे खरा वापर नसेल तर ते रद्द होऊ शकते. त्यानंतर कोणीही नव्याने त्या नावाची नोंदणी करू शकतो. कायद्याच्या हिशेबाने नाव मेलेले असते. ते विकतच घेतलेले नसल्यामुळे लौकिक सोबत आला की नाही हा प्रश्नच उद्भवत नाही. लोकांच्या मनात मात्र वाद्याचे नाव तीन किंवा पाच वर्षांत मरत नाही. पियानो सत्तर-ऐंशी वर्षे घरात राहतो, आजीने वाजवलेला नातवंडांनी पाहिलेला असतो, आणि झाकणावरचे नाव दोन-तीन पिढ्यांच्या स्मरणात टिकून असते. साबणाच्या वडीला लावलेली मुदत अशा वस्तूला लावणे मला अपुरे वाटते.

त्यातून आजच्या पियानो-बाजाराचे विचित्र चित्र तयार झाले आहे. 'रिटम्युलर' हे नाव १७९५ मध्ये जर्मनीतल्या गॉटिंगेन येथे सुरू झालेल्या कारखान्याचे. आज ते ग्वांगझूच्या पर्ल रिव्हर कंपनीकडे आहे. 'क्नाबे' हे १८३७ मध्ये बाल्टिमोर येथे सुरू झालेल्या पेढीचे. आज ते कोरियाच्या समिक कंपनीकडे आहे. या कंपन्या मोठ्या आहेत, त्यांना पियानो बनवता येतो आणि त्यांच्याकडे या नावांचा कायदेशीर हक्क आहे, यांपैकी कशाबद्दलही माझे म्हणणे नाही. पूर्वेकडच्या कारखान्यात बनलेले वाद्य कमी प्रतीचे असते हा समज तर निव्वळ अज्ञानातून येतो. खुद्द स्टाइनवे कंपनी 'बॉस्टन' नावाचे पियानो जपानच्या कावाई कंपनीकडून बनवून घेते, आणि त्यांवर आपले नाव 'स्टाइनवेने रचना केलेला' एवढ्याच मर्यादित अर्थाने वापरते. तो उल्लेख मला पूर्ण प्रामाणिक वाटतो, कारण रचना कोणाची हे त्यात सांगितले आहे आणि त्यापलीकडे काही भासवलेले नाही.

माझे भांडण फक्त सालाशी आहे. नाव विकत मिळते, पण त्याच्याखाली छापलेले साल विकत कसे मिळेल? जुन्या नावाशेजारी दोनशे वर्षांपूर्वीचे स्थापनावर्ष झळकते, तेव्हा वाचणाऱ्याला तितकी वर्षे चालत आलेल्या कामाची साखळी सूचित होते. ती साखळी मध्ये कित्येक दशके तुटलेली असेल तर ते साल ग्राहकाला नेमकी तीच गोष्ट सांगते जी खरी नाही. व्यापारचिन्हाचा कायदा एका विक्रेत्याने दुसऱ्याच्या नावामुळे निर्माण केलेला गोंधळ बारकाईने तपासतो, पण नावाच्या आजच्या मालकाने त्याच नावाच्या भूतकाळामुळे निर्माण केलेल्या गोंधळाकडे त्याचे लक्ष जात नाही, कारण तक्रार करणारा प्रतिस्पर्धीच शिल्लक नसतो. श्टाइनवेग खटल्यात ८ टक्के लोकांचा गोंधळ पुरेसा ठरला. पुनरुज्जीवित नावांबाबत तशी पाहणी करायला कोणी सांगतही नाही.

व्हायोलिनच्या बाबतीत एकदा असा प्रश्न आला होता, आणि तो सुटला तो जकातीच्या कायद्यामुळे. युरोपातल्या कारखान्यांतून हजारोंच्या संख्येने निघणाऱ्या व्हायोलिनच्या पोटात क्रेमोनाच्या अंतोनिओ स्ट्रादिवारी यांच्या नावाची लॅटिन चिठ्ठी सर्रास चिकटवली जाई. त्या नावाला मालक नव्हता, त्यामुळे हरकत घेणारेही कोणी नव्हते. (पुढे व्हिन्सेंट बाख यांनी आपल्या ट्रम्पेटलाच 'स्ट्रादिवारियस' असे नाव दिले. तो ब्रँड आज स्टाइनवेच्याच कंपनीसमूहात आहे.) १८९०च्या अमेरिकी जकात कायद्याने आयात मालावर मूळ देशाचे नाव घालणे बंधनकारक केले आणि त्या चिठ्ठ्यांच्या तळाशी 'जर्मनी' असा शब्द येऊ लागला. चिठ्ठी तशीच राहिली, स्ट्रादिवारींचे नावही राहिले, पण त्या एका शब्दाने वाचणाऱ्याला आवश्यक ते कळू लागले. जुने व्हायोलिन पारखणारे आज त्याच शब्दावरून त्याचा काळ ठरवतात.

ऐतिहासिक नावांसाठीही एवढेच पुरेसे होईल असे मला वाटते. स्थापनावर्ष छापायचे असेल तर त्याच्या शेजारी सध्याचे उत्पादन कोणत्या वर्षी आणि कुठे सुरू झाले हेही छापावे, आणि मध्ये खंड पडला असेल तर तो दाखवावा. नाव काढून घेण्याची किंवा पुनरुज्जीवनावर बंदी घालण्याची काहीच गरज नाही. अंमलबजावणीसाठी नवे खातेही लागणार नाही. अमेरिकेत चिन्हाचे नूतनीकरण करताना मालकाला ते प्रत्यक्ष वापरात असल्याचे शपथेवर सांगून मालावरचा नमुना जोडावाच लागतो. त्याच अर्जात आणखी एक रकाना घालून, चिन्हासोबत कोणते साल वापरले जाते आणि त्या सालापासून उत्पादन अखंड आहे का, एवढे विचारता येईल. ज्यांचे उत्तर 'होय' असेल त्यांना तो रकाना भरायला दोन मिनिटेही लागणार नाहीत.